चार बाय सातच्या बाथरूममध्ये वॉक-इन शॉवर: आधी उतार, मग काच

वॉक-इन शॉवर करायचं ठरवलेला माणूस पहिल्यांदा मोबाईल पुढे करतो. त्यात काळ्या चौकटीची काच, छतातून पडणारा पाऊस, मागे एकसंध संगमरवर. फोटोतलं ते बाथरूम आपल्या हॉलएवढं आहे, याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधलं कॉमन बाथरूम म्हणजे चार बाय सात, नशीब चांगलं असेल तर पाच बाय सात. एवढ्या जागेतही वॉक-इन उत्तम बसतो. मात्र काचेचा विषय सगळ्यात शेवटी काढायचा. आधी पाणी कुठून वाहून जाणार ते ठरवा, मग ते किती जोराने येणार ते बघा. या दोन्हींची उत्तरं मिळाली की काच किती रुंद हवी हे जवळजवळ आपोआप ठरतं.

वॉक-इन म्हणजे काय, तर एकच स्थिर काच, शेजारी आत-बाहेर करायला मोकळी जागा, दार नाही आणि ओलांडायला उंच कट्टाही नाही. जुन्या मोरीला तरी कुठे दार होतं! दार नसल्यामुळे बिजागऱ्या, रबरी पट्ट्या, सरकते रूळ असली दुरुस्तीची भानगड राहत नाही, आणि लहान जागेत दार उघडायला लागणारी दोन फूट जागा वाचते. बदल्यात थोडे शिंतोडे बाहेर येतात. ते किती येऊ द्यायचे, हे मांडणीवर ठरतं.

टेप घेऊन आत जा

प्लॅनवरचे चार फूट हे टाइल लावण्याआधीचे असतात. प्रत्यक्षात दोन टाइलींच्या मधलं अंतर ४५ ते ४६ इंच निघतं. जुन्या टाइलवरच नवी टाइल चिकटवणार असाल तर दोन्ही बाजूंचे मिळून आणखी इंच-सव्वा इंच जातात. म्हणून माप तीन ठिकाणी घ्या: जमिनीलगत, कमरेच्या उंचीवर आणि डोक्याच्या वर. जुन्या इमारतीत ही तिन्ही मापं एक आली तर गवंड्याचं अभिनंदन करा.

आंघोळीच्या जागेसाठी ३६ बाय ३६ इंच असले की माणूस मोकळेपणाने वळतो. एक बाजू ३० इंचांपर्यंत कमी केली तरी चालतं, त्याखाली साबण लावताना कोपर भिंतीला लागतं. तुमचं बाथरूम पाच बाय पाच असेल आणि त्यातच कमोड असेल, तर काचेचा विचार सोडून द्या. सगळी फरशी नीट उताराची करून घ्या, एक चांगला पडदा लावा आणि उरलेले पैसे टाइलींवर घाला. पडदा स्वस्त वाटतो म्हणून लोक नाक मुरडतात, पण तो धुता येतो, बाजूला सारता येतो आणि म्हाताऱ्या माणसाला आंघोळ घालताना आडवा येत नाही.

आता चार बाय सातचं उदाहरण घेऊ. दार छोट्या भिंतीत, दाराजवळ बेसिन, मधे डाव्या भिंतीला कमोड, आणि शेवटच्या टोकाला खिडकीखाली आंघोळीची जागा. हा क्रम बदलू नका. खिडकी ओल्या भागात असली की फरशी लवकर वाळते. कमोडच्या मध्यापासून काचेपर्यंत निदान १५ इंच सोडा, नाहीतर बसलेल्या माणसाचा खांदा काचेला घासतो. शेवटच्या ३६ इंचांवर आडवी काच येते. ती डाव्या भिंतीपासून, म्हणजे कमोडच्या बाजूने, २४ इंच. उजवीकडे २१-२२ इंच मोकळे राहतात आणि कमोडपुढून चालत आलेला माणूस सरळ आत शिरतो. काच उजवीकडे लावली तर त्याच माणसाला कमोडला वळसा घालून आत जावं लागेल.

शॉवर कोणत्या भिंतीला, हा यातला खरा डाव आहे. तो खिडकीच्या भिंतीला लावला तर पाण्याचा झोत थेट मोकळ्या जागेकडे, म्हणजे बाहेर येतो. तो डाव्या भिंतीला, काचेच्या आडोशाला लावा. पाणी समोरच्या उजव्या भिंतीवर आपटून खाली उतरतं आणि बेसिनपाशी पायपुसणं कोरडं राहतं. वरून सरळ पडणारा चपटा शॉवर असेल तर शिंतोडे आणखी कमी. तिरपा, जोरदार झोताचा शॉवर मोठ्या बाथरूमसाठी ठेवा.

पाणी जाणार कुठे

काम सुरू करण्याआधी एक चाचणी घरीच करा. बादलीभर पाणी आंघोळीच्या टोकाला ओता आणि उभे राहून बघा. पाणी कुठे थांबतं, कुठून वळतं, नहाणी ट्रॅप (फरशीतली जाळी आणि तिच्याखालचा पाणी साठून राहणारा वाडगा) नेमका कुठे आहे, आणि सगळं निघून जायला किती वेळ लागतो. बहुतेक फ्लॅटमध्ये आख्ख्या बाथरूमला एकच नहाणी असते. ती आंघोळीच्या भागातच असेल तर तुमचं निम्मं काम झालं. ती कमोडजवळ असेल तर शॉवरचं पाणी काचेखालून बाहेर येऊन मग जाणार, आणि काच लावण्याचा हेतूच फसणार.

अशा वेळी दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे फरशी उखडून आंघोळीच्या भागात दुसरी नहाणी काढायची आणि ती जुन्या ट्रॅपला जोडायची. त्यासाठी फरशीखाली पाइपाला उतार देण्याइतकी खोली हवी. बऱ्याच इमारतींत बाथरूमचा स्लॅब आठ ते बारा इंच खाली असतो, त्यात विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला असतो, तिथे हे जमतं. स्लॅब खाली घेतलेलाच नसेल तर पाइप लपवायला शॉवरची जागा चार-पाच इंच उचलावी लागते. मग तो वॉक-इन राहत नाही, पायरी चढून जायचा चौथरा होतो. त्यापेक्षा जुन्या नहाणीभोवतीच मांडणी फिरवता येते का ते आधी बघा. दुसरी वाट म्हणजे काचेच्या रेषेतच लांब जाळीचा चॅनेल बसवायचा. आतलं आणि बाहेरचं, दोन्हीकडचं पाणी त्यातच पडतं. लहान बाथरूमला माझी पसंती याला. मात्र त्यालाही ट्रॅपपर्यंत पाइप न्यावाच लागतो आणि तिथेही खोलीचा हिशेब चुकत नाही.

चॅनेल घेताना एक गोष्ट दुकानात उभं राहूनच तपासा: वरची जाळी हाताने उचलता येते का. केस तिथेच अडकतात, आणि स्क्रू काढून दर आठवड्याला कुणी साफ करत नाही. ट्रॅपमध्ये ५० मिलिमीटर पाणी साठून राहणं हे वास आणि झुरळं अडवण्याचं खरं साधन. चॅनेलला स्वतःचा ट्रॅप नसेल तर तो नहाणी ट्रॅपलाच जोडलेला हवा, थेट उभ्या पाइपाला नाही. पाहुण्यांसाठीच्या, फारसं न वापरलेल्या बाथरूममध्ये हे पाणी उडून जातं आणि वास सुटतो. अशा ठिकाणी मधूनमधून तांब्याभर पाणी ओतायचं, दुसरं काही नाही.

उताराचा आकडा लक्षात ठेवा: दर फुटाला ४ ते ६ मिलिमीटर. तीन फुटांच्या शॉवरला दोन टोकांत १२ ते १८ मिलिमीटरचा फरक आला पाहिजे. याहून कमी असेल तर पाणी साचतं, जास्त असेल तर उभं राहिल्यावर पाय घसरल्यासारखा वाटतो. मधोमध चौकोनी नहाणी असेल तर उतार चारी बाजूंनी येतो, आणि तिथे दोन बाय दोनची मोठी टाइल बसत नाही, ती कापावी लागते. एक बाय एक किंवा त्याहून लहान टाइल घ्या. चॅनेल असेल तर उतार एकाच दिशेला, मग मोठी टाइलही चालते. गवंडी ‘डोळ्याने कळतं साहेब’ म्हणाला तरी पाण्याची लेव्हल नळी काढायला लावा.

टाइल निवडताना ‘आर १०’, ‘आर ११’ असे आकडे दिसतील. ती जर्मन चाचणी बूट घालून, तेलकट उतारावर घेतलेली असते. ओल्या अनवाणी पायाची चाचणी वेगळी आहे आणि तिच्यात ए, बी, सी असे वर्ग असतात. शॉवरला बी वर्ग पुरतो. दुकानात यातलं काही सांगता आलं नाही तर नमुन्याची टाइल ओली करून, साबण लावून त्यावर अनवाणी उभे राहा. फार खरखरीत टाइल घेऊ नका, तिच्या खाचांत साबणाचा काळा थर बसतो. सांध्यांना इपॉक्सी ग्राउट भरा. तो महाग पडतो, पण पाणी पीत नाही.

वॉटरप्रूफिंग आणि खालचे शेजारी

फरशी उखडणार असाल तर सोसायटीला आधी लेखी कळवा. आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीने बघायची असते. तुमच्या बाथरूमच्या आतून खाली झिरपलेलं पाणी तुमच्या खिशातून जातं. राडारोडा कुठे टाकायचा, काम किती ते किती चालेल, हेही त्याच पत्रात मिटवा.

कोपऱ्यांत सिमेंटचा गोलाकार वाटा, त्यावर पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटचे दोन हात, पहिला वाळल्यावर दुसरा उलट दिशेने. बाकी बाथरूमला भिंतीवर एक फूट चढवलं तर चालतं, शॉवरच्या भिंतींना मात्र सहा-सात फुटांपर्यंत न्या. कारण तिथे रोज थेट पाण्याचा मारा असतो आणि पलीकडे बहुधा बेडरूमचं कपाट असतं.

मग पाणी भरून ठेवायचं. नहाणीत कापडाचा बोळा घट्ट बसवा, दोन इंच पाणी भरा आणि पाण्याच्या रेषेवर भिंतीला पेन्सिलने खूण करा. ४८ तास थांबा. खूण आणि पाणी यांत बोटभर फरक पडला किंवा खालच्यांच्या छतावर ओल दिसली, तर टाइलला हात लावायचा नाही. कोबा झाल्यावर हीच चाचणी पुन्हा घ्या. ठेकेदाराला घाई असते, त्याचे पुढचे गवंडी दुसऱ्या साइटवर उभे असतात. पैशाचा पुढचा हप्ता या चाचणीला बांधून ठेवा, घाई आपोआप कमी होते.

दाब किती, गरम पाणी किती

छतातला बारा इंची ‘रेन शॉवर’ विकत घेण्याआधी टाकी किती वर आहे ते बघा. पाण्याची दहा मीटर उंची म्हणजे साधारण एक बार दाब. सर्वात वरच्या मजल्यावर शॉवरच्या वर टाकी जेमतेम दोन-तीन मीटर असते, म्हणजे ०.२ ते ०.३ बार. त्या दाबाला मोठ्या शॉवरमधून पाणी पडत नाही, ओघळतं. चार मजले खाली त्याच इमारतीत तोच शॉवर मस्त चालतो. त्यामुळे मित्राच्या घरी बघून खरेदी करू नका.

मोजायचं कसं? १५ लिटरची बादली नळाखाली ठेवा, कॉक पूर्ण उघडा, मोबाईलवर वेळ लावा. दोन मिनिटांत भरली तर मिनिटाला साडेसात लिटर. सहाच्या आत असेल तर चार इंची शॉवर किंवा हँड शॉवर घ्या, आठ-दहा असेल तर सहा-आठ इंची, बाराच्या पुढे गेलात तरच मोठ्या ताटाचा विचार करा. दाब वाढवणारा पंप टाकीतून येणाऱ्या लाइनवर बसतो. महापालिकेच्या थेट लाइनवर तो लावणं बेकायदा आहे.

पुण्यात सोलर असलेल्या इमारतींत आणखी एक गंमत होते. गरम पाणी गच्चीवरून नुसत्या उताराने येतं आणि गार पाणी पंपाच्या किंवा थेट लाइनच्या जोराने. मिक्सर उघडला की गार पाणी गरम लाइनमध्ये उलटं शिरतं, आणि शॉवरखालचा माणूस आधी गारठतो, मग भाजतो. दोन्ही पाणी सारख्या दाबाने येईल अशी जोडणी करा आणि गरम लाइनवर उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवा.

गिझरचा हिशेब साधा आहे. १५ लिटरच्या टाकीत ६० अंशांचं पाणी, नळाचं पाणी २५ अंश, आंघोळीला हवं ४०. मिसळून साधारण ३५ लिटर होतात. मिनिटाला आठ लिटरच्या शॉवरला ते साडेचार मिनिटं पुरतात. नाशिक-पुण्याच्या थंडीत नळाचं पाणी १८ अंशांवर आलं की तेच २८-२९ लिटर होतात, म्हणजे साडेतीन मिनिटं. तीन लिटरचा इन्स्टंट गिझर बादलीसाठी ठीक, शॉवरसाठी नाही. शॉवर नियमित वापरायचा तर २५ लिटर घ्या, आणि त्याच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, आहे ना ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. गॅस गिझर मात्र बंद बाथरूमच्या आत कधीच नको. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस आतच बेशुद्ध पडतो.

कॉक कुठे, बादली कुठे

वर सांगितलेल्या मांडणीत शॉवर डाव्या भिंतीला आहे, पण डायव्हर्टर, म्हणजे पाणी शॉवरकडे की नळाकडे ते वळवणारा कॉक, उजव्या भिंतीला, शिरल्या शिरल्या हाताशी ठेवा. उंची ४० ते ४४ इंच. बाहेर उभं राहून पाणी सुरू करायचं, गरम झालं की आत जायचं. शॉवर आणि कॉक एकाच भिंतीला असले पाहिजेत असा काही नियम नाही, प्लंबरला दोन पाइप जास्त टाकावे लागतात एवढंच. ते पाइप बुजवण्याआधी दाब देऊन तपासा आणि टेप भिंतीला धरून फोटो काढून ठेवा. पुढे पकडदांडा बसवताना ड्रिल नेमकं पाइपात घुसत नाही.

त्याच डायव्हर्टरखाली, २२ ते २४ इंचांवर बादलीचा नळ हवाच. इंटिरिअरवाले तो काढून टाकायला सांगतात, फोटोत वाईट दिसतो म्हणून. पण पाणी दिवसाआड येणाऱ्या गावात, बाळाच्या आंघोळीला, आतले कपडे भिजवायला बादलीच लागते. नळ काढलेल्या घरांत नंतर हँड शॉवर बादलीत सोडलेला दिसतो.

नव्या टॉवरमध्ये राहत असाल तर भिंती कशाच्या आहेत ते विचारा. मिव्हान पद्धतीच्या इमारतींत भिंती सलग काँक्रीटच्या असतात आणि इमारतीचा भार त्यांच्यावर असतो, त्यांना खाच पाडायची परवानगी नसते. तिथे भिंतीबाहेरून उभा राहणारा शॉवर पॅनेल किंवा दांड्याचा शॉवर घ्या. दिसायलाही काही वाईट नसतो, आणि बिघडला तर टाइल न फोडता बदलता येतो.

आता काच

टाइल पूर्ण झाल्याशिवाय काचेचं माप घेऊ देऊ नका. टफन्ड काच एकदा भट्टीतून आली की ती कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. अर्धा इंच चुकला तर काच वाया. माप घ्यायला येणाऱ्याने ओळंबा लावला पाहिजे. भिंत वर-खाली अर्धा इंच झुकलेली असेल तर तो तिरपेपणा काचेच्या कडेला द्यायचा की यू चॅनेलमध्ये, म्हणजे काच धरणाऱ्या धातूच्या खाचेत, झाकायचा, हे तेव्हाच ठरतं.

२४ बाय ७८ इंचांची काच ८ मिलिमीटर जाडीत सुमारे २४ किलो भरते, १० मिलिमीटरमध्ये ३० किलो. एवढ्या लहान काचेला ८ मिलिमीटर पुरते, वरून भिंतीपर्यंत एक आधाराची दांडी घ्या. कोपऱ्यात टफन्डचा शिक्का कोरलेला आहे ना ते बघा. साडेसहा फुटांवर काच थांबू द्या. छतापर्यंत नेली की वाफ आत कोंडते आणि छताला बुरशी धरते.

काचेखाली फरशी उताराची असते, काचेची कड सरळ. म्हणून काचेच्या रेषेत ग्रॅनाइटची लेव्हलमधली पट्टी बसवून घ्यावी, तीन-चार इंच रुंद, किंचित वर आलेली. चॅनेल काचेच्या रेषेत असेल तर पट्टी त्याच्या बाहेरच्या कडेला येते. मोकळ्या जागेत ती फरशीच्या पातळीला असू द्या, ठेच लागायला नको. पट्टीवर काच सिलिकॉनने धरते. फरशीत ड्रिल मारून खुंट्या ठोकू देऊ नका, खाली वॉटरप्रूफिंग आहे.

कोटेशनमध्ये नुसतं ‘ग्लास पार्टिशन’ लिहून आणतील. जाडी, कडेचं पॉलिश, भोकं, वाहतूक, फिटिंग आणि हार्डवेअरचा दर्जा वेगवेगळा लिहून मागा. हार्डवेअर स्टीलचं, ३०४ दर्जाचं हवं. कोकण, गोवा किंवा मुंबईत समुद्राजवळ राहत असाल तर ३१६ घ्या, खाऱ्या हवेत ३०४ वरही डाग येतात. काळ्या रंगाचा मुलामा छान दिसतो, पण टँकरच्या पाण्यावर त्याच्यावर पांढरे ओघळ सगळ्यात आधी उठतात.

घरात सत्तरीच्या पुढचं कुणी असेल तर काच २१ इंचांची करून मोकळी जागा २४ करा. ३३ ते ३६ इंचांवर पकडदांडा विटेच्या भिंतीत पक्का ठोका, आणि हँड शॉवर सरकत्या दांडीवर लावा म्हणजे स्टुलावर बसून आंघोळ होते. काचेला किंवा तिच्या वरच्या दांडीला धरून उठायची सवय लागू देऊ नका. चाकाची खुर्ची आत न्यायची असेल तर काच नकोच.

बोअर आणि टँकरच्या पाण्याचे पांढरे डाग ही काचेची रोजची डोकेदुखी. आंघोळ झाली की छोट्या रबरी वायपरने वरून खाली दोन-तीन हात मारायचे, ते न करणाऱ्या घरात साधी पारदर्शक काच घेऊच नये. उभ्या रेघांची काच डाग झाकते. बसलेले डाग पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून निघतात, पण तेच व्हिनेगर संगमरवर, कोटा किंवा कडाप्प्यावर सांडलं तर दगडाची चकाकी जाते. सिलिकॉन बुरशीरोधक आणि काच बसवल्यावर २४ तास शॉवर बंद. पुढे कधी त्याची रेष काळी पडली तर त्यावरच नवा थर चढवू नका, जुनं ब्लेडने खरवडून काढा, जागा पूर्ण वाळू द्या आणि मग नवं भरा.